दिना नूरपेइसोवा : दोन तारांचा वारसा

१९३७ साली कझाकस्तानच्या त्या वेळच्या राजधानीत, अल्मा-आता शहरात, लोकवादकांची एक स्पर्धा भरली होती. आज या शहरास अल्माती असे म्हणतात. दूरदूरच्या मुलखांतून आलेल्या वादकांमध्ये ७६ वर्षांची एक वृद्धा होती. दिना नूरपेइसोवा हे तिचे नाव. व्होल्गा नदी जेथे कॅस्पियन समुद्रास मिळते, त्या आस्त्राखानच्या परिसरातून ती आली होती. तिच्या आयुष्याची बहुतेक वर्षे कोणत्याही कझाक गृहिणीप्रमाणे गुरांची निगा, दूधदुभते, मुलेबाळे आणि संसारातील बरेवाईट प्रसंग यांत गेली होती. आपल्या मुलखाबाहेर ती कोणास फारशी ठाऊक नव्हती. परंतु तिने दोंब्रा हाती घेतला आणि जाणकारांच्या लक्षात आले की, हा हात साधा नव्हे. कुर्मानगाझीने स्वतः घडविलेला हा हात होता.

या गोष्टीचे महत्त्व नीट ध्यानात यावयाचे तर कुर्मानगाझी कोण, हे प्रथम सांगितले पाहिजे. कुर्मानगाझी सागिरबाएव हा कझाक लोकांचा सर्वांत मोठा दोंब्रावादक आणि रचनाकार. त्याचा काळ सामान्यतः १८२३ ते १८९६ असा मानतात. म्हणजे दिना अल्मा-आताला आली तेव्हा त्याला जाऊन चाळीस वर्षे लोटली होती. त्याचे वादन कोणत्याही यंत्राने टिपून ठेवलेले नव्हते आणि आपल्या रचना लिहून ठेवण्याची त्या संगीतात रीतच नव्हती. जे काही उरले होते, ते ज्यांनी त्याला ऐकले आणि त्याच्यापाशी बसून वाजविले त्यांच्या बोटांत उरले होते. अशी बोटे दिवसेंदिवस कमी होत चालली होती. एवढे मोठे संगीत अशा थोड्याशा माणसांच्या आयुष्यावर कसे टांगून राहिले आणि ते पुढच्या पिढीच्या हाती कसे आले, हे दिनाच्या चरित्रावरून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशावरूनही दिसत नाही.

कझाकस्तान हा देश आकाराने भारतापेक्षा थोडासाच लहान आहे. पश्चिमेस कॅस्पियन समुद्रापासून पूर्वेस अल्ताय पर्वतापर्यंत पसरलेल्या या भूमीचा फार मोठा भाग म्हणजे गवताळ माळरान. या माळावर कझाक लोक शतकानुशतके घोडे, मेंढ्या आणि उंट घेऊन ऋतुमानाप्रमाणे फिरत असत. नमद्याचे तंबू उभारावयाचे, काही दिवस मुक्काम करावयाचा आणि चारा संपला की सारा संसार जनावरांच्या पाठीवर लादून पुढे जावयाचे, असा त्यांचा जीवनक्रम होता. जो समाज वर्षातून अनेकदा घर हलवितो त्याच्यापाशी भव्य वास्तू नसतात, जडजोखमीचे सामान नसते आणि ग्रंथांचे संग्रहही नसतात. त्याचे सारे वैभव वाहून नेण्याजोगे असावे लागते. दोंब्रा हे वाद्य अशा जीवनातून निर्माण झालेले आहे.

दोंब्रा लाकडाचा, साधारण हातभर किंवा त्याहून थोडा लांब आणि वजनाला हलका असतो. पश्चिमेकडील दोंब्र्याचा भोपळा नासपतीच्या आकाराचा व फुगीर, तर पूर्वेकडील दोंब्र्याचा पसरट असतो. त्याला अवघ्या दोन तारा. पूर्वी त्या धातूच्या नसून मेंढीच्या किंवा बकरीच्या आतड्याची तात वळून केलेल्या असत; दांडीवरील पडदेही तातेचेच बांधलेले असत. दोन तारा कधी षड्ज-मध्यमाच्या, तर कधी षड्ज-पंचमाच्या अंतराने लावतात. वाजविण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. मध्य व पूर्व भागात बोटांनी तारा हळुवार छेडावयाच्या, तिला 'शेर्तपे' म्हणतात. पश्चिमेत मनगट मोकळे सोडून दोन्ही तारांवर एकदम आघात करीत जावयाचे, तिला 'तोकपे' असे नाव आहे. या शब्दात ओतण्याचा अर्थ आहे, आणि ते वादन ऐकताना तो अर्थ तंतोतंत पटतो. स्वर एकामागून एक वेचून ठेवल्यासारखे येत नाहीत, तर पावसाळ्यातील ओढ्यासारखे लोंढ्याने येतात. एक तार सूर धरून राहते, दुसरी चाल पुढे नेते. आणि केवळ दोनच तारा वाजत आहेत यावर ऐकणाराचा विश्वास बसत नाही. कुर्मानगाझी आणि दिना हे दोघेही या पश्चिमेकडील तोकपे रीतीचे वादक.

दोंब्र्यावर वाजविल्या जाणाऱ्या रचनेस 'कुई' म्हणतात आणि ती रचणाऱ्या व वाजविणाऱ्या कलावंतास 'कुइशी'. कुईला शब्द नसतात. तरीही ती नुसती धून नव्हे. बहुतेक प्रत्येक कुईच्या मागे एखादी कथा असते; आणि वादकाने आधी ती कथा चार वाक्यांत सांगावी, मग वाद्य हाती घ्यावे, असा प्रघात आहे. लढाई, दुष्काळ, पळून गेलेला घोडा, मृत्यू, तुरुंग, आईची आठवण, काहीही कुईचा विषय होऊ शकते. आपल्याकडे शाहीर जे काम शब्दांनी करीत असे, ते तेथे कुइशी दोन तारांनी करतो.

या वाद्याच्या बोलण्याच्या शक्तीवर कझाकांचा किती विश्वास आहे, हे 'अक्साक कुलान' म्हणजे 'लंगडे रानगाढव' या प्राचीन कुईच्या कथेवरून दिसते. तिच्या एका प्रचलित रूपाप्रमाणे चंगीझखानाचा मुलगा जोची याचा पुत्र शिकारीस गेला असता रानगाढवाने त्याला ठार केले. जो कोणी ही वार्ता सांगेल त्याच्या घशात तापलेले शिसे ओतीन, असे खानाने बजावले होते. तेव्हा एक वृद्ध कुइशी पुढे झाला. तो तोंडाने काहीच बोलला नाही. त्याने दोंब्र्यावर टापांचा आवाज, पाठलाग, झटापट आणि शोक असे सारे वाजविले. खानाला उमगावयाचे ते उमगले. शिक्षा तर झालीच पाहिजे. म्हणून शिसे दोंब्र्यावर ओतण्यात आले आणि तेव्हापासून त्याच्या भोपळ्याला भोक पडले, असे लोक सांगतात. कथेची ऐतिहासिकता येथे महत्त्वाची नाही. जे तोंडाने बोलता येत नाही ते दोंब्रा बोलतो आणि त्याबद्दलची शिक्षाही तोच सोसतो, ही त्या समाजाची श्रद्धा तीत स्वच्छ दिसते.

तोकपे रीतीच्या कुईची बांधणीही पाहण्याजोगी आहे. तिचा आरंभ दांडीच्या वरच्या टोकाशी, खालच्या स्वरांत होतो. या भागास 'बास बुइन' म्हणजे मस्तकाचा भाग म्हणतात. मग मधला भाग, 'ओर्ता बुइन', येतो. नंतर डावा हात खाली भोपळ्याच्या दिशेने सरकत जातो आणि स्वर चढत जाऊन 'सागा' नावाच्या भागात कुई कळसास पोहोचते. प्रत्येक चढणीनंतर हात पुन्हा मस्तकाशी परत येतो आणि नव्या जोमाने निघतो. म्हणजे कुईचा आराखडा कागदावर नसून वाद्याच्या अंगावरच आखलेला असतो. डोळ्यांनी हाताचा प्रवास पाहणाऱ्या मुलाला अर्धी कुई समजते. हे संगीत लिपीवाचून एवढा काळ टिकले, त्याचे एक कारण या बांधणीत आहे.

आता कुर्मानगाझीकडे वळू. व्होल्गा आणि उराल या दोन नद्यांमधील प्रदेशात १८०१ साली रशियाच्या झारच्या परवानगीने कझाकांचे एक लहानसे संस्थान वसले. त्याला बुकेय ओर्डा म्हणतात. कुर्मानगाझीचा जन्म याच प्रदेशातील एका गरीब घरात झाला. तो लहान असतानाच, १८३६ ते १८३८ या काळात, तेथील खान झांगीर याच्या जमीनविषयक जुलमाविरुद्ध इसाताय ताइमानोव आणि कवी महाम्बेत उतेमिसोव यांनी बंड उभारले. ते बंड मोडले गेले आणि इसाताय १८३८ साली मारला गेला. कुर्मानगाझीची 'किश्केन्ताय' ही कुई याच बंडाच्या स्मरणार्थ असल्याचे मानले जाते. पुढे त्याचेही आयुष्य सत्तेशी झगडण्यात गेले. उराल्स्क, ओरेनबुर्ग अशा ठिकाणच्या तुरुंगांशी त्याची ओळख झाली. त्यांतून निसटणे, पुन्हा पकडले जाणे, पुन्हा भटकणे असा क्रम चालला. 'तुरुंगातून पळालेला' या अर्थाच्या नावाची त्याची एक कुईच आहे. 'कायरान शेशेम' म्हणजे 'माझी माउली' ही दुसरी. त्याला बेड्या घालून नेत असता त्याच्या डोळ्यांत पाणी पाहून आईने त्याच्या मुस्कटात मारली आणि पुरुषासारखा वाग असे बजावले, ही आठवण त्या कुईच्या आरंभी सांगतात.

सरकारी दप्तरात आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांना या माणसाच्या चरित्रातील एक विसंगती विशेष जाणवते. सत्तेच्या कागदांत तो एक फरारी आणि उपद्रवी इसम होता. तथापि १८६८ साली निकिता साविचेव या उराल भागातील रशियन लेखकाने त्याचे वादन ऐकून उराल्स्कच्या वृत्तपत्रात लिहिले आणि त्यात त्याची गणना दुर्मीळ प्रतिभेच्या संगीतकारांत केली. याला युरोपीय पद्धतीचे शिक्षण मिळते तर तो पहिल्या प्रतीचा तारा ठरता, असा त्याच्या म्हणण्याचा भावार्थ होता. स्तुती मनापासूनची होती; पण जो आधीच पहिल्या प्रतीचा होता, त्याला तसे होण्यासाठी परक्या विद्येची गरज का भासावी, हे त्या भल्या लेखकाच्या ध्यानात आले नाही. 'सारीअर्का', 'आदाय', 'बाल्बिराउइन', 'सेर्पेर' या कुई ज्याने रचल्या, त्याचे शिक्षण केव्हाच पूर्ण झाले होते.

दिनाचा जन्म १८६१ साली याच बुकेय ओर्डाच्या परिसरात झाला. वडिलांचे नाव केंझे. मुलगी लहानपणापासून दोंब्रा वाजवू लागली आणि वडिलांनी तिला अडविले नाही, उलट उत्तेजन दिले. पाहता पाहता 'दोंब्रा वाजविणारी मुलगी' म्हणून तिचा लौकिक आजूबाजूच्या वस्त्यांत पसरला. असे सांगतात की, ती नऊ वर्षांची असताना तिची कीर्ती ऐकून कुर्मानगाझी स्वतः तिच्या घरी आला. त्या वेळी तो पन्नाशीच्या जवळ आलेला, सर्वत्र मान्यता पावलेला वादक होता. त्याने तिचे वादन ऐकले आणि तिला शिष्या म्हणून पत्करले. यानंतर तो वरचेवर येत असे, कधी काही दिवस मुक्काम करीत असे आणि तिला आपल्या कुई शिकवीत असे.

हे शिकविणे कसे चालत असेल, याची कल्पना आपल्याकडील गुरुशिष्यांच्या तालमीवरून करता येईल; पण एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. तेथे स्वरांना नावे उच्चारून पाठ देण्याची पद्धत नव्हती. गुरूने वाजवावयाचे, शिष्याने त्याच्या दोन्ही हातांकडे टक लावून पाहावयाचे आणि मग वाजवून दाखवावयाचे. उजव्या हाताचा आघात कोठे खाली, कोठे वर, कोठे एका बोटाने, कोठे साऱ्या पंजाने, या बारकाव्यांतच एका वादकाचे वेगळेपण असते. हे बारकावे शब्दांत सांगता येत नाहीत. ते एका हातातून दुसऱ्या हातात उतरावे लागतात आणि त्यासाठी दोघे एका तंबूत, एका वेळी, समोरासमोर असावे लागतात.

दिना केवळ गुरूची नक्कल करणारी शिष्या नव्हती. कुइशींच्या जाहीर चढाओढीस 'तार्तिस' म्हणतात. त्यात एकाने कुई वाजवावयाची, दुसऱ्याने तिला तोडीस तोड उत्तर द्यावयाचे, आणि ज्याचा साठा किंवा हात आधी थकेल तो हरला. अशा चढाओढींत पुरुषांच्या बरोबरीने बसण्याचे धैर्य आणि तयारी तिच्यापाशी होती. भटक्या जीवनात कझाक स्त्री पडद्यात राहत नसे आणि गाणे-वाजविणे तिला वर्ज्य नव्हते. तरीही पट्टीच्या कुइशींच्या पंक्तीत नाव लागलेल्या स्त्रिया फार थोड्या. पुढे दिनाचे लग्न झाले, ती सासरी गेली आणि जगाच्या दृष्टीने तिच्या कलेवर पडदा पडला. पण घरी, नात्यागोत्यात, लग्नकार्यात ती वाजवीतच राहिली. 'बुल्बुल' ही तिची कुई आज दोंब्रावादकांची कसोटी मानली जाते. नावाप्रमाणे तीत बुलबुलाच्या कंठातील लकेरी आणि कंप आहेत. उजव्या हाताच्या हलक्या, विविध आघातांनी ते साधले जातात. गुरूच्या वादनातील जोश तिने घेतला आणि त्यात हे नाजूकपण आपल्या पदरचे मिळविले.

आपल्या काळाकडेही तिचे लक्ष होते. १९१६ सालच्या उन्हाळ्यात, पहिले महायुद्ध चालू असता, झारने मध्य आशियातील १९ ते ४३ वर्षे वयाच्या पुरुषांना आघाडीच्या पिछाडीस मजुरीच्या कामावर भरती करण्याचे फर्मान काढले. माळरानावर हाहाकार उडाला आणि जागोजागी उठाव झाले. दिनाने या प्रसंगावर कुई रचली. तिचे नावच 'सोळावे साल'. ज्या घरांतून तरुण मुले नेली गेली, त्या घरांतील बायकांचे दुःख सांगावयास त्या वेळी दुसरे साधन कोणते होते?

यानंतर जे घडले त्याने केवळ संगीताच्या परंपरेवरच नव्हे, तर साऱ्या कझाक समाजाच्या अस्तित्वावर घाव पडला. क्रांतीनंतर सोव्हिएत राजवटीने १९२०च्या दशकाच्या अखेरीस भटक्या लोकांना सक्तीने एका जागी वसविण्याचे आणि त्यांची जनावरे सामुदायिक करण्याचे धोरण हाती घेतले. ज्या समाजाचे अन्नच जनावरांवर अवलंबून, त्याची जनावरे गेली. १९३० ते १९३३ या वर्षांच्या दुष्काळात कझाकस्तानात सुमारे १५ लाख माणसे मेली आणि लक्षावधी लोक देश सोडून गेले. मृतांत बहुसंख्य कझाक होते. अशा आपत्तीत किती कुइशी आणि त्यांच्याबरोबर किती कुई नाहीशा झाल्या असतील, याची मोजदाद कोण करणार? कुई जाणणारा माणूस मेला की कुईही मरते. तिची दुसरी प्रत नसते.

याच अंधाऱ्या काळात काही माणसे हे संगीत टिपून ठेवण्याची खटपट करीत होती. त्यांतील एक अलेक्सांद्र झातायेविच. तो १९२० साली ओरेनबुर्गला आला आणि कझाक गाणी ऐकून इतका प्रभावित झाला की, उरलेले आयुष्य त्याने ती लिहून घेण्यात घालविले. त्याने टिपलेल्या एक हजार गीतांचा संग्रह १९२५ साली ओरेनबुर्ग येथे निघाला. त्या काळी रशियन लोक कझाकांना 'किरगीझ' म्हणत असत. त्यामुळे या संग्रहाच्या मुखपृष्ठावरही तेच नाव पडले. १९३१ साली त्याचा पाचशे गीतांचा आणि कुईंचा दुसरा संग्रह प्रसिद्ध झाला.

दुसरा मोठा कार्यकर्ता म्हणजे अहमेत झुबानोव. १९०६ साली जन्मलेला हा कझाक तरुण लेनिनग्राडला संगीताचे शास्त्रोक्त शिक्षण घेऊन अल्मा-आताला आला आणि १९३४ साली त्याने दोंब्रावादकांचा एक वाद्यवृंद उभारला. पुढे या वृंदास कुर्मानगाझीचे नाव देण्यात आले आणि आजही तो त्याच नावाने ओळखला जातो. झुबानोवने खेड्यापाड्यांतील वादक हुडकून आणले, त्यांच्याकडून कुई लिहून घेतल्या आणि रचनाकारांची चरित्रे गोळा केली. पण काळ कसा होता पाहा. ज्या १९३७ साली दिना अल्मा-आताच्या स्पर्धेत वाजवीत होती, त्याच वर्षी अहमेतचा थोरला भाऊ, भाषापंडित प्राध्यापक कुदायबेर्गेन झुबानोव याला अटक झाली आणि १९३८ साली त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्यानेही कुईच्या उगमावर लेखन केले होते. एका हाताने लोककलेला व्यासपीठ देणारी आणि दुसऱ्या हाताने तिच्या जाणकारांना नाहीसे करणारी सत्ता एकच होती. दिनाला मिळालेल्या मानसन्मानांचा विचार करताना ही दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही.

तो मान मात्र तिने पूर्णपणे कमावलेला होता. १९३९ साली मॉस्को येथे साऱ्या सोव्हिएत संघातील लोकवादकांची स्पर्धा भरली. तेथे ७८ वर्षांच्या दिनाने तरुण वादकांच्या बरोबरीने बसून पारितोषिक मिळविले. ती अल्मा-आतातच राहू लागली. वृंदातील तरुण वादक तिच्यापाशी येऊन बसत आणि जे कोणत्याही स्वरलेखनात नव्हते ते तिच्या हातांवरून शिकत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिने 'आईची आज्ञा' ही कुई रचली आणि युद्ध संपल्यावर 'विजय' ही दुसरी. १९४४ साली तिला कझाक प्रजासत्ताकाची 'लोककलावंत' ही पदवी मिळाली. ३१ जानेवारी १९५५ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षात, ती अल्मा-आता येथे वारली. झारांच्या राज्यात जन्मलेली ही स्त्री दुष्काळ, क्रांती आणि दोन महायुद्धे पाहून गेली आणि एवढ्या उलथापालथीत तिने एक गोष्ट हातची सोडली नाही. गुरूने दिलेल्या कुई तिने जशाच्या तशा, तरीही आपल्या करून, पुढे पोहोचविल्या.

दिनाच्या वारशाचा हिशेब मांडताना दोन्ही रकाने भरावे लागतात. जमेच्या बाजूस बरेच काही आहे. तिचे वादन ध्वनिमुद्रित झाले. त्यामुळे कुर्मानगाझीच्या वादनाची रीत कशी असेल याचा आज आपल्याला निदान एका पिढीच्या अंतरावरून अंदाज येतो. अल्माती येथे १९४४ साली स्थापन झालेल्या संगीत महाविद्यालयास कुर्मानगाझीचे नाव आहे आणि अतिराउ शहरातील लोकसंगीताच्या अकादमीस दिनाचे. २०१४ साली युनेस्कोने दोंब्र्यावरील कुईच्या कलेचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. १९९१ साली स्वतंत्र झालेल्या कझाकस्तानने २०१८ पासून जुलै महिन्यातील पहिला रविवार 'राष्ट्रीय दोंब्रा दिन' म्हणून पाळण्यास आरंभ केला आहे. खुद्द कुर्मानगाझीची कबर मात्र आज रशियाच्या हद्दीत, आस्त्राखान प्रांतातील आल्तिनझार या गावाजवळ आहे. १९९६ साली, त्याच्या मृत्यूच्या शताब्दीच्या वर्षी, तिच्यावर स्मारक उभारण्यात आले. माळरानावर ज्या सीमा त्याने कधी जुमानल्या नाहीत, त्यांतील एक त्याच्या मृत्यूनंतर त्याची कबर आणि त्याचा देश यांच्यामध्ये आली.

खर्चाची बाजू एवढी ठळक दिसत नाही. वाद्यवृंद उभारावयाचा तर पन्नास दोंब्रे एका सुरात लागले पाहिजेत. त्यासाठी लहानमोठ्या आकारांचे, उंच, मध्यम आणि खर्ज स्वरांचे दोंब्रे तयार करण्यात आले. पियानोप्रमाणे समान अंतरांचे पडदे कायम बसविण्यात आले. पूर्वी तातेचे पडदे सरकविता येत असत आणि प्रत्येक प्रांताचा, किंबहुना प्रत्येक वादकाचा, एखादा स्वर जरा उतरता किंवा जरा चढा असे. ती सूक्ष्म छटा वृंदात मावेना. तीच गोष्ट रूपांची. एकच कुई चार शिष्य चार तऱ्हांनी वाजवीत आणि चारही तऱ्हा खऱ्या मानल्या जात. लिहून घेतली की त्यांतील एक छापली जाते, शाळेत तीच शिकविली जाते, परीक्षेत तीच मागितली जाते. आणि उरलेल्या तीन हळूहळू चुकीच्या ठरू लागतात. कथा सांगून मग वाजविण्याची पद्धतही रंगमंचावर मागे पडली. निवेदकाने नाव पुकारले की वादन सुरू होते.

यावरून लेखन आणि संस्था यांना दोष देणे मात्र कृतघ्नपणाचे होईल. १९३०च्या दशकातील त्या भीषण वर्षांनंतर झुबानोवसारख्यांनी लेखणी हाती घेतली नसती, तर तक्रार करण्याजोगेही काही उरले नसते. खरी गोष्ट अशी की, कागद आणि हात ही दोन्ही साधने आवश्यक आहेत आणि एक दुसऱ्याचे काम करू शकत नाही. कागद कुईला मरू देत नाही; हात तिला जिवंत ठेवतो. दिना अल्मा-आताला पोहोचली ती नेमकी या दोहोंची गाठ पडण्याच्या वेळी. दहा वर्षे उशीर झाला असता तर कदाचित तिचा हात थकला असता. दहा वर्षे आधी आली असती तर ऐकून टिपून घेणारा वृंद तेथे नव्हता. इतिहासातील असे योग फार क्वचित जुळतात आणि त्यांच्या भरवशावर कोणत्याही देशाने राहू नये.

आज कझाकस्तानात दोंब्र्याच्या शिक्षणाची कमतरता नाही. तेथील अनेक तरुण वादक जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून, वृद्ध वादकांकडे जाऊन, निरनिराळ्या प्रांतांतील मागे पडलेली रूपे पुन्हा वाजवू लागले आहेत. आता दूरच्या देशांतील संगीतही घरबसल्या ऐकावयास मिळते. ज्या श्रोत्यांना संधी मिळेल त्यांनी कुर्मानगाझीची 'आदाय' ही कुई आधी मोठ्या वाद्यवृंदाकडून ऐकावी आणि नंतर एकट्या दोंब्र्यावर. पहिल्यात घोडदळाचा सोहळा आहे. दुसऱ्यात एकच स्वार आहे. पण त्याच्या घोड्याचा श्वास ऐकू येतो. आणि त्यानंतर वेळ उरला, तर दिनाची 'बुल्बुल' ऐकावयास विसरू नये.